डॉकरच्या हाताखालची हत्यारं

"डॉकर, स्पेस, रन. स्पेस. डॅश डी. मग दोन डॅश आणि नेम... नाही, सलग लिही, मध्ये जागा नको. आता डॅश पी, लहान पी. आठ शून्य आठ शून्य, विसर्ग, आठ शून्य."

"विसर्ग?"

"अगं, कोलन. त्याच्यापुढे डॅश व्ही..."

रात्री साडेअकराला फोनवरून कुणाला तरी कंटेनर चालू करायला लावणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पलीकडे आमच्या टीममधली एक नवी मुलगी होती. तिच्यासमोर ग्राहकाचा सर्व्हर होता आणि त्या सर्व्हरवर कॉपी-पेस्ट चालत नव्हतं. मंगलाष्टकं म्हणावीत तशी ती कमांड मी सात मिनिटं म्हणत होतो. शेवटी तिनं एंटर मारलं आणि उत्तर आलं की ते पोर्ट आधीच कुणीतरी धरून बसलंय. मग पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्या लांब कमांडीपुढे माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर ती पाठ करतो, नाही तर आपल्या आणि तिच्यामध्ये कुणाला तरी उभं करतो. गेल्या दहा-बारा वर्षांत या मधल्यांचं मोठं गणगोत जमा झालंय. दोन अक्षरी टोपणनावं आहेत, शेल स्क्रिप्टा आहेत, अख्खा पडदा व्यापणारे तक्ते आहेत, आणि डॉकरच्याच नावानं हाक मारली तरी 'ओ' देणारे तोतये आहेत. यातली बरीच मी वापरली, काही काढून टाकली, एकाच्या नादानं हात भाजून घेतला. त्यांच्याकडे बघताना माझा निकष एकच असतो. हे हत्यार खाली नेमकी कुठली कमांड मारतंय, ते मला दिसतं का?

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'कंटेनर' नावाची वस्तू लिनक्सच्या कर्नलमध्ये नाहीच. तिथे असते ती साधी प्रोसेस. तिच्या डोळ्यांना झापडं लावली, म्हणजे तिला आपल्यापुरत्याच फायली, आपल्यापुरत्याच प्रोसेसा आणि आपल्यापुरतंच नेटवर्क दिसेल असं केलं, आणि मेमरी व प्रोसेसर रेशनवर दिले, की तिला आपण कंटेनर म्हणतो. झापडांना नेमस्पेस म्हणतात, रेशनकार्डाला सीग्रुप. ही कल्पना नवी नाही. युनिक्समध्ये 'सीएचरूट' १९७९ मध्ये आलं, फ्रीबीएसडीची 'जेल' २००० मध्ये. सीग्रुपचं काम गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत ते लिनक्स कर्नलमध्ये गेलं. त्याच वर्षी हे सगळे सुटे भाग एकत्र बांधणारं एलएक्ससी आलं. म्हणजे डॉकर यायच्या पाच वर्षं आधी सामान सगळं तयार होतं. फक्त ते वापरायला कर्नलची खडान्खडा माहिती असलेला माणूस लागायचा.

२०१३ च्या मार्चमध्ये सांता क्लाराला पायथॉनवाल्यांच्या परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. त्यांची कंपनी तेव्हा डॉटक्लाउड होती. त्या डॉकरच्या पोटात एलएक्ससीच होतं. स्वतःचं इंजिन त्यानं २०१४ च्या मार्चमध्ये, ०.९ या आवृत्तीत बसवलं. लोक हे विसरतात, पण या आढाव्याची गुरुकिल्ली इथेच आहे. डॉकर मुळात एलएक्ससीच्या हाताखालचं सोयीचं हत्यार होतं. हाताखालचा पुढे मालक झाला, आणि मग त्याला हाताखाली माणसं लागायला लागली.

त्यानं केलेली खरी करामत इमेजची. पेणला गणपतीचा साचा एकदा केला की त्यातून हव्या तेवढ्या मूर्ती निघतात; साचा इमेज, मूर्ती कंटेनर. मूर्तीचं विसर्जन झालं तरी साच्याला काही होत नाही. ही गोष्ट डोक्यात नीट बसली की अर्ध्या कमांडी आपोआप समजतात, आणि उरलेल्या अर्ध्या डोक्यात बसत नाहीत त्या नावांमुळे. कंटेनर काढायला 'आरएम', इमेज काढायला 'आरएमआय'. कंटेनर बघायला 'पीएस', इमेजा बघायला मात्र 'इमेजेस'. २०१७ च्या जानेवारीत १.१३ आवृत्ती आली तोवर अशा पहिल्या पायरीच्या कमांडी चाळीसेक झाल्या होत्या. त्या आवृत्तीत त्यांची नीट कपाटं लावली: कंटेनरचं सगळं 'कंटेनर' या शब्दाखाली, इमेजचं 'इमेज'खाली. जुन्या कमांडी अर्थात ठेवल्या. परिणाम असा की आज नऊ वर्षांनीही माझ्या ओळखीत कुणी 'डॉकर कंटेनर एलएस' टाइप करत नाही. सगळे 'पीएस'च मारतात.

आणि 'पीएस' मारलं की येतो तो सात रकान्यांचा तक्ता. लॅपटॉपच्या पडद्यावर तो मावत नाही, ओळी मोडतात, आणि कुठलं पोर्ट कुणाचं हे बोट ठेवून शोधावं लागतं. पहिल्या रकान्यात बारा अक्षरांचा ओळख क्रमांक (खरा चौसष्टचा, हा त्याचा पुढचा तुकडा), शेवटच्या रकान्यात नाव. नाव आपण दिलं नसेल तर डॉकर स्वतःच बारसं करतो. पुढे एक इंग्रजी विशेषण, मागे एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा संगणकतज्ज्ञाचं नाव. यादीत आर्यभट आहेत, रामानुजन आहेत, रामन आहेत. विश्वेश्वरय्याही आहेत, ज्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये आपल्या खडकवासल्याला बसले. 'हंग्री रामानुजन' नावाचा कंटेनर मी स्वतःच्या हातानं मारलाय आणि क्षणभर पाप लागल्यासारखं वाटलंय. एकच जोडी कधी येत नाही: 'बोरिंग वॉझ्नियाक'. स्टीव्ह वॉझ्नियाक कंटाळवाणे नाहीत, तेव्हा ही चिठ्ठी निघाली तर पुन्हा काढा, अशी अट प्रोग्रॅममध्येच लिहिलेली आहे.

जाता जाता, त्या सात रकान्यांवरचा उपाय डॉकरमध्येच आहे. त्याच्या सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहून ठेवली की 'पीएस' आपल्याला हवे तेवढेच रकाने दाखवतं. बाजारात शोधायला निघण्याआधी घरातलं कपाट उघडून बघावं. हे मला कळायला चार वर्षं लागली.

मदतनीसांची पहिली पिढी म्हणजे एलियस, टोपणनावं. आजही प्रत्येकाच्या शेलच्या फायलीत ती असतात. 'डॉकर'ला नुसतं 'डी', 'डॉकर पीएस'ला 'डीपी'. याहून पुढे गेलेली लोकं फंक्शनं लिहितात. डॉकरमध्ये काम केलेल्या जेसी फ्रॅझेल यांनी आपल्या लॅपटॉपवरचा ब्राउझरसुद्धा कंटेनरमध्ये चालवायला अशी फंक्शनं लिहिली होती. २०१५ च्या सुमाराला त्यांची ती फाइल बघून किती जणांनी आपापल्या फायली भरल्या असतील, त्याला गणती नाही. कोरियाचे जुनेगुन चोई यांचं एफझेडएफ नावाचं शोधयंत्रही इथे फार उपयोगी पडतं. कंटेनरांची यादी त्याच्यात ओतायची, नावातली दोन-तीन अक्षरं टाइप करायची, हवं ते निवडायचं. एका ओळीचं काम. खाली काय चाललंय ते पूर्ण दिसतं, कारण लिहिलेलं आपणच असतं.

पण आपणच लिहिलेलं आपल्यालाच आठवतं असं नाही. माझ्या फायलीत 'झाडू' नावाचं एक टोपणनाव होतं. डॉकरची स्वतःची 'प्रून' ही साफसफाईची कमांड येण्याआधीच्या काळात सगळेच असला झाडू बाळगायचे. 'पीएस'कडून सगळ्या कंटेनरांचे क्रमांक घ्यायचे आणि ते 'आरएम'च्या तोंडी द्यायचे. मी त्याला जबरदस्तीचा एफ जोडला होता, आणि कधीतरी, डिस्क भरली होती त्या दिवशी, लहान व्ही पण जोडला होता. एके शुक्रवारी संध्याकाळी मी सवयीनं 'झाडू' मारला. त्या मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा एक कंटेनर होता. त्याच्या डेटाला कुणी नाव दिलेलं नव्हतं. अशा वेळी पोस्टग्रेसची इमेज स्वतःच एक बेनाम व्होल्यूम, म्हणजे डेटासाठी कंटेनरबाहेर राखलेली जागा, मागून घेते आणि सगळा डेटा त्यात जातो. 'आरएम'ला व्ही जोडला की कंटेनरबरोबर त्याची बेनाम व्होल्यूमंही जातात. गेली. चाचणी करणाऱ्या सहकाऱ्यानं नऊ दिवस हातानं भरलेल्या नोंदी होत्या त्यात. त्यानं काही बोलून दाखवलं नाही, सोमवारी फक्त एक्सेलची रिकामी शीट माझ्या टेबलावर प्रिंट करून ठेवली.

टोपणनाव ठेवलं की कमांड नजरेआड होते आणि तिच्यातलं एखादं अक्षर केवढं धारदार आहे ते विसरायला होतं. चूक झाडूची नव्हती.

या पिढीतली जी हत्यारं खरोखर गरजेची होती, त्यांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. ती मेली, पण मानानं मेली, कारण डॉकरनं त्यांना पोटात घेतलं.

चालू कंटेनरच्या आत शिरून बघायचं, ही सगळ्यात आधीची गरज. सुरुवातीला डॉकरमध्ये त्याची सोय नव्हती. लोक कंटेनरमध्ये एसएसएचचा सर्व्हर बसवायचे, म्हणजे खोलीत डोकवायला भिंतीत नवा दरवाजा पाडण्यातला प्रकार. डॉकरमधलेच जेरोम पेताझोनी यांनी याला विरोध केला आणि 'एनएसएंटर' हे लिनक्सचं हत्यार मशीनवर उतरवून देणारा एक छोटा कंटेनर बनवला. त्या एनएसएंटरनं नेमस्पेसच्या झापडांआड थेट शिरता यायचं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये १.३ आवृत्तीत 'डॉकर एक्झेक' आलं आणि तो कंटेनर लागेनासा झाला. तीच गत झाडूवाल्यांची. स्पॉटिफाय कंपनीनं आपल्या सर्व्हरांसाठी 'डॉकर-जीसी' नावाची स्क्रिप्ट लिहिली होती. जुने कंटेनर आणि वापरात नसलेल्या इमेजा ती झाडून काढायची. १.१३ मध्ये 'डॉकर सिस्टिम प्रून' आलं आणि स्पॉटिफायनं स्वतःच पाटी लावली की आता हे वापरू नका, ते वापरा.

प्रूनबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते आधी विचारतं, काय काय उडवणार ते सांगतं, आणि व्होल्यूमना आपणहून हात लावत नाही. माझ्या झाडूत हे तिन्ही नव्हतं. व्होल्यूमांसाठी वेगळं प्रून आहे. आधी ते वापरात नसलेली सगळी उडवायचं, २३ व्या आवृत्तीपासून मात्र आपणहून फक्त बेनामच उडवतं, नाव दिलेली ठेवतं. कुणाचे तरी नऊ दिवस जगात इतरत्रही गेले असणार, त्याशिवाय असा बदल होत नाही. प्रून जे करत नाही तेही ध्यानात ठेवा. चालू कंटेनरच्या लॉगना ते शिवत नाही, आणि डॉकर लॉग ठेवतं त्या नेहमीच्या पद्धतीत फायलीला मर्यादाच नसते. सर्व्हर बसला, डिस्क फुल्ल, प्रून मारलं तरी फुल्ल, अशी वेळ आली तर नव्वद टक्के वेळा एकच बडबड्या कंटेनर आणि त्याची चाळीस जीबीची लॉगची फाइल निघते. हा आकडा माझ्या अनुभवातला आहे, अभ्यासातला नाही.

पोटात घेतलेल्यांमधलं सगळ्यात मोठं नाव फिग. लंडनच्या ऑर्चर्ड नावाच्या छोट्या कंपनीतल्या बेन फर्शमन आणि आनंद प्रसाद यांनी ते लिहिलं. २०१४ मध्ये डॉकरनं ती कंपनीच घेतली आणि फिगचं डॉकर कंपोझ झालं. कल्पना अगदी साधी. ती मंगलाष्टकं दर वेळी म्हणायची कशाला? एका फायलीत लिहून ठेवा: कुठली इमेज, कुठलं पोर्ट, कुठलं व्होल्यूम, कोण कुणावर अवलंबून. मग 'अप' म्हटलं की सगळं उठतं, 'डाउन' म्हटलं की सगळं बसतं. माझ्या मते कंटेनरांसाठी आजवर झालेल्या सोयींमध्ये याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. आणि याचं श्रेय मी 'अप-डाउन'ला देत नाही, फायलीला देतो. कमांड मारली की हवेत जाते. फाइल मागे राहते, गिटमध्ये जाते, कुणी काय बदललं ते दिसतं, आणि रात्री साडेअकराला फोनवर म्हणून दाखवावी लागत नाही.

म्हणजे कंपोझ गुणांचा पुतळा आहे असं नाही. त्याची फाइल याम्लमध्ये असते आणि याम्लचं स्वतःचं सोवळं-ओवळं आहे. जागा एक इकडची तिकडे झाली की अर्थ बदलतो. पोर्टच्या ओळीत तर खास गंमत आहे. याम्लच्या जुन्या नियमांप्रमाणे दोन आकड्यांमध्ये विसर्ग आला आणि दुसरा आकडा साठाच्या आत असला, तर ते साठमान पद्धतीनं वाचायचं, आपल्या घटका-पळांसारखं. बावीस घटका बावीस पळं म्हणजे एकूण एक हजार तीनशे बेचाळीस पळं. तेव्हा बावीस नंबरचं पोर्ट बावीसला जोडायला गेलेल्या माणसाच्या हाती १३४२ पडायचा. म्हणून पोर्टची जोडी अवतरणचिन्हांत ठेवा, असं कंपोझच्या माहितीपत्रकातच सांगितलंय.

दुसरी गोष्ट २०२३ ची. जुनं कंपोझ पायथॉनमध्ये होतं आणि मधल्या जोडरेघेसकट टाइप करावं लागायचं. नवं गो भाषेत लिहिलं आणि डॉकरचंच अंग केलं. मधली जोडरेघ जाऊन जागा आली. २०२३ च्या जुलैपासून जुन्याला अद्ययावत करणं थांबलं. इथवर ठीक. पण नव्यानं कंटेनरांना नावं देतानाही अंडरस्कोअर टाकून जोडरेघ घेतली. आमची रात्रीची बॅकअपची एक स्क्रिप्ट अंडरस्कोअरवालं नाव शोधत राहिली, तिला ते मिळेना, आणि काहीच न मिळाल्यावर मुकाट्यानं 'सगळं ठीक' म्हणून झोपायची अशी तिची घडण होती. अकरा रात्री. स्क्रिप्ट माझीच.

आता पडदाभर पसरणाऱ्यांकडे येऊ. सीटॉप हे त्यातलं साधंसुधं. लिनक्सच्या 'टॉप'सारखी एक यादी, प्रत्येक कंटेनर किती प्रोसेसर आणि मेमरी खातोय याचे पट्टे. ड्राय नावाचं आणखी एक आहे, ते थोडं जास्त करतं. पण या वर्गाचा मेरुमणी लेझीडॉकर. लेझीगिट लिहिणारे ऑस्ट्रेलियाचे जेसी डफिल्ड यांनी ते २०१९ मध्ये आणलं. दोन्ही गो भाषेतली.

ते चालू केलं की डावीकडे एकाखाली एक चौकटी लागतात: कंटेनर, इमेजा, व्होल्यूमं वगैरे. उजवीकडे मोठी चौकट, तिच्यात निवडलेल्या कंटेनरचे लॉग सरकत असतात. बाणांनी खाली-वर जायचं. आर दाबला की रीस्टार्ट, एस दाबला की स्टॉप, एक्स दाबला की काय काय करता येईल त्याची यादी. उजवीकडची चौकट बदलली तर प्रोसेसर-मेमरीचे आलेख, साध्या अक्षरांनी काढलेले. आठ कंटेनर असलेल्या प्रकल्पात कोण रडतंय हे शोधायला आधी आठ खिडक्या उघडायचो, आता एक पुरते. माऊसवाले डेस्कटॉपचे प्रोग्रॅम हेच करतात हे खरं, पण सर्व्हरवर माऊस नसतो आणि एसएसएचच्या पातळ वाटेनं लेझीडॉकर मजेत चालतं.

मला ते आवडलं मात्र एका छोट्या गोष्टीसाठी. एखाद्या कंटेनरवर उभं राहून डी दाबा. ते लगेच उडवत नाही. समोर दोन ओळी येतात: काढून टाका, आणि व्होल्यूमांसकट काढून टाका. आणि प्रत्येकीच्या शेजारी ती निवडली तर खाली जी 'डॉकर आरएम' कमांड जाईल ती लिहिलेली. दुसऱ्या ओळीत 'व्होल्यूम्स' हा शब्द पूर्ण लिहिलेला, नुसता व्ही नाही. माझ्या झाडूनं एवढं दाखवलं असतं तर...

याची दुसरी बाजूही आहे. एस दाबला आणि दहा सेकंद काही झालंच नाही, की लोक म्हणतात लेझीडॉकर सुस्त आहे, नावातच आहे. ते बिचारं निरपराध. 'डॉकर स्टॉप' आधी प्रोसेसला आवरतं घ्यायचा निरोप देतं आणि दहा सेकंद थांबतं. तेवढ्यात ती उठली नाही तर मान धरून बाहेर काढतं. पुष्कळ इमेजांमध्ये पहिल्या क्रमांकाची प्रोसेस शेल असते, खरा प्रोग्रॅम तिच्या मागे. शेल तो निरोप आत पोचवतच नाही. म्हणून दर वेळी पूर्ण दहा सेकंद, आणि शेवटी १३७ हा निर्गम क्रमांक, म्हणजे १२८ अधिक ९, नववा संकेत, ठार. यावर 'टिनी' नावाचा एक इवलासा प्रोग्रॅम निघाला, जो पहिल्या क्रमांकावर बसून निरोप्याचं काम इमानानं करतो. १.१३ मध्ये तोही डॉकरनं पोटात घेतला. 'रन'ला 'इनिट' जोडलं की झालं. पण हे सगळं कळायला एकदा तरी लेझीडॉकरच्या खाली उतरावं लागतं.

पडदेवाल्यांतच डाइव्हचं नाव घ्यायला हवं. अलेक्स गुडमन यांचं हे हत्यार चालू कंटेनरांकडे बघतच नाही, ते इमेज उघडून तिचे थर दाखवतं. डावीकडे थर, उजवीकडे त्या थरात कुठल्या फायली आल्या, बदलल्या, गेल्या. नवशिक्या माणसाला एकदा हे दाखवावंच. दोनशे एमबीची झिप एका पायरीत आणली, पुढच्या पायरीत उलगडली, तिसऱ्या पायरीत पुसली, तर त्याला वाटतं इमेज हलकी झाली. डाइव्हमध्ये ती झिप खालच्या थरात जशीच्या तशी दिसते. वरच्या थरानं फक्त तिच्यावर चादर घातलेली असते. झिपच्या जागी पासवर्डाची फाइल असली तरी तसंच. चादर कुणीही उचलू शकतो.

तोतयांची गोष्ट थोडक्यात. डॉकरच्या मुळाशी पूर्ण अधिकारानं सतत चालणारी एक पार्श्वप्रोसेस असते. रेड हॅटला ते पटत नव्हतं. त्यांनी पॉडमन काढलं. त्यात तशी मधली प्रोसेस नाही, आणि साध्या वापरकर्त्याला आपल्या अधिकारात कंटेनर चालवता येतात. रेड हॅटच्या लिनक्सच्या २०१९ च्या आठव्या आवृत्तीत डॉकर नव्हतंच, पॉडमन होतं. कमांडी मुद्दाम त्याच ठेवल्या; 'डॉकर'ला 'पॉडमन'चं टोपणनाव लावा आणि कामाला लागा, असा त्यांचा सल्ला. नव्वद टक्के वेळा तो खरा ठरतो. उरलेल्या दहात १०२४ च्या खालचं पोर्ट मागितलं की साध्या वापरकर्त्याला नकार मिळतो, किंवा नुसतं इमेजचं नाव दिलं की कुठल्या भांडारातून आणू असा उलट प्रश्न येतो. मला तो प्रश्न चांगला वाटतो. डॉकर न विचारता स्वतःच्या भांडाराकडे धावतं. अकिहिरो सुदा यांचं नर्डसीटीएल हे कंटेनरडी नावाच्या कंटेनर चालवणाऱ्या इंजिनासाठीचं, तशाच कमांडींचं. त्याचं नाव 'कंटेनरडी' या शब्दाच्या पोटातच दडलेलं होतं, यांनी फक्त ते काढलं.

या तोतयांकडे मोठा ओघ लागला तो मात्र तत्त्वासाठी नव्हे. २०२१ च्या ऑगस्टअखेर डॉकर डेस्कटॉपच्या परवान्याच्या अटी बदलल्या: अडीचशेहून जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला पैसे लागणार, मुदत २०२२ च्या जानेवारीअखेरपर्यंत. पुण्या-बंगळुरातल्या मोठ्या कंपन्यांमध्ये त्या हिवाळ्यात मॅकवाल्यांची कोलिमाकडे आणि विंडोजवाल्यांची रॅंचर डेस्कटॉपकडे जी पळापळ झाली, ती मी जवळून पाहिली. डॉकरची कमांड फुकटच होती आणि आहे. पैसे लागणार होते ते तिच्याभोवतीच्या सोयीचे.

आता ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही ते. यातलं प्रत्येक हत्यार डॉकरशी बोलतं ते एका सॉकेट फायलीतून. ती फाइल ज्याच्या हाती त्याच्या हाती अख्खं मशीन. अतिशयोक्ती नाही ही. यजमान मशीनची मूळ डिरेक्टरी आत जोडून एक कंटेनर चालू करा, झालात तुम्ही मालक. एखाद्याला 'डॉकर' गटात टाकणं आणि त्याला रूटचा पासवर्ड देणं यांत काडीचा फरक नाही. असं असताना सीटॉप काय, लेझीडॉकर काय, 'बसवायचीही गरज नाही, कंटेनर म्हणूनच चालवा, फक्त सॉकेट आत जोडा' अशी एक ओळ मिळते आणि आपण ती न वाचता मारतो. शेजाऱ्याला दूध आत ठेवायला किल्ली द्यावी आणि त्यानं कुणाला दिली ते विचारू नये, तसं. प्रसिद्ध हत्याराच्या बाबतीत मी डोळे मिटतो हे कबूल करतो. कुणाच्या तरी चार दिवसांच्या प्रकल्पासाठी मिटत नाही. याहून वाईट म्हणजे सोयीसाठी डॉकरचं २३७५ हे पोर्ट बाहेर उघडं टाकणं. क्रिप्टो खणणारे अशा मशीनांच्या शोधातच असतात. दूरच्या सर्व्हरशी बोलायला १८.०९ आवृत्तीपासून एसएसएचची सोय आहे, ती वापरावी. आणि १९.०३ पासूनच्या 'कॉन्टेक्स्ट'नं सर्व्हर बदलत असाल तर सध्या आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत ते प्रॉम्प्टमध्ये दिसेल असं करून घ्या. झाडू आपल्या घरात मारतोय की दुसऱ्याच्या, एवढं तरी कळावं.

कुबरनेटिसचं गणगोत वेगळंच आहे. तिथे केनाइन्स आहे, क्युबसीटीएक्स आहे, आणि तो लेख लिहायला मी योग्य माणूस नाही. डिस्ट्रोबॉक्सला मात्र एक ओळ हवी. ते कंटेनर लपवतं, पण उघडपणे: उबंटूच्या मशीनवर फेडोराचं टर्मिनल हवं असलं तर देतं, आपल्या घरच्या फायलींसकट. घरच्या फायलींसकट म्हणजे झापडं अर्धी काढलेली, हे वापरताना लक्षात असू द्यावं.

आणि चॅटबॉट. हल्ली कमांड आठवली नाही तर पोरं त्यालाच विचारतात, तो छान, चिन्हांसकट लिहून देतो. एका अर्थानं माझा निकष तो पूर्ण करतो, कमांड दाखवतोच. मारण्याआधी ती वाचली जाते का, ते वेगळं.

माझ्या मशीनवर सध्या काय आहे? कंपोझ, लेझीडॉकर, डाइव्ह, आणि 'पीएस'चे चार रकाने ठरवणारी ती एक ओळ. टोपणनावं सगळी काढली. ग्राहकाच्या सर्व्हरवर यातलं कंपोझ सोडून काहीही नसतं, आणि तिथे नुसत्या हातानं काम करता यावं म्हणून महिन्यातून एखादा दिवस मी लेझीडॉकर उघडतच नाही. उपासासारखं आहे ते, मोडतोही मधेच.

फोनवरच्या त्या मुलीनं पुढच्याच आठवड्यात ग्राहकाच्या त्या सर्व्हरसाठी कंपोझची फाइल लिहिली. तपासायला माझ्याकडे आली. बावीस ओळी होत्या, पोर्टची जोडी अवतरणचिन्हांत होती, आणि त्या जोडीच्या डोक्यावर तिनं पुढच्या माणसासाठी देवनागरीत टीप लिहिली होती: मध्ये विसर्ग आहे, अवतरण काढू नये.